खाडीवर तेलाचा तवंग आला की पहिल्या दोन भरत्यांत करायची कामं

प्रश्न थोडक्यात असा: कोकणातल्या एका खाडीकाठी आमचं गाव आहे, वरच्या अंगाला एमआयडीसी. गेल्या पावसाळ्यापासून ओहोटीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. बाबांच्या डोलीला, म्हणजे डोलजाळ्याला, काळा चिकट थर बसतो. बोय मासा शिजवला की रॉकेलचा वास येतो. कंपनीवाले म्हणतात, हे तुमच्याच बोटींच्या इंजिनाचं तेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं पाणी घेऊन गेली, रिपोर्टात तेल 'मर्यादेत' आलं. मासा खावा का, विकावा का? आणि तेल कुणाचं ते सिद्ध कसं करायचं?

ताई, आधी त्या रिपोर्टाबद्दल बोलतो, कारण बहुतेक गावं तिथेच हात टेकतात. मी आधी कारखान्यांच्या सांडपाण्यावर काम केलं आणि नंतर खाड्यांच्या तपासणीवर, त्यामुळे हा कागद कसा तयार होतो ते दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

रिपोर्टात 'ऑइल अँड ग्रीस' असा एक रकाना असतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला ही मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, समुद्रात सोडायच्या पाण्याला २०. पण ही मर्यादा पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची. खाडीच्या पाण्याचे निकष वेगळे आहेत. शिंपले आणि मत्स्यशेती असलेल्या किनारी पाण्याचा जो वर्ग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ठरवला आहे, एसडब्ल्यू-१, त्यात तेलाची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे शंभरपट कडक. कारणही तिथेच दिलेलं आहे: त्याहून जास्त तेल माशांच्या अंड्यांना आणि पिल्लांना बाधतं. तेव्हा पहिला अर्ज माहितीच्या अधिकारात टाका आणि दोनच गोष्टी विचारा: आमच्या खाडीचा हा पट्टा कुठल्या वर्गात धरला आहे, आणि रिपोर्टातली 'मर्यादा' कुठल्या तक्त्यातून घेतली आहे. या दोन प्रश्नांवरच पुष्कळ रिपोर्ट गडगडतात.

दुसरं, नमुना घेतला कसा ते आठवा. तेल पाण्यावर तरंगतं आणि नमुना बहुतेक वेळा होडीतून कॅन बुडवून हातभर खालचा घेतला जातो. तो कॅन प्लास्टिकचा असेल तर तेल त्याच्या भिंतीला चिकटून बसतं. प्रयोगशाळेत पाणी ओतून घेतात, तेल कॅनमध्येच राहतं. तेलाच्या चाचणीचा नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा, तिथल्या तिथे आम्ल घालून बर्फात ठेवायचा, आणि प्रयोगशाळेत ती बाटलीसुद्धा द्रावकानं खळबळून ते द्रावक मोजणीत धरायचं, अशी पद्धत आहे. शिवाय या चाचणीत द्रावक उडवून टाकून जे उरतं त्याचं वजन करतात. डिझेलचा हलका भाग त्या उष्णतेतच उडून जातो. उलट माशाची चरबी किंवा खाद्यतेल मात्र त्यात मोजलं जातं. म्हणून हा आकडा तेल किती ते अंदाजानं सांगतो, कुठलं ते अजिबात सांगत नाही. तुम्हाला हवं आहे ते 'कुठलं'.

आता तवंगाकडे या. प्रत्येक चकाकी तेलाची नसते. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, साचलेल्या पाण्यावर, लोखंडी मातीतले जिवाणू हुबेहूब तेलासारखी पापडी धरतात. काठीनं डिवचून बघा. जिवाणूंची पापडी तुटून तिचे कोनेदार तुकडे होतात आणि ते वेगळेच राहतात. तेल फाटतं आणि लगेच परत जुळून येतं. तक्रार करण्याआधी ही परीक्षा केलीच पाहिजे, कारण एकदा का अधिकाऱ्याला खोट्या तवंगावर बोलावलं की पुढच्या खऱ्या वेळी तो येत नाही.

रंगावरून जाडीचा अंदाज येतो. सप्तरंगी तवंग साधारण ०.३ ते ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. सगळ्यात पातळ थर धरला तर एक लिटर तेल जवळजवळ पाऊण एकर पाणी रंगवतं. म्हणून नुसत्या इंद्रधनुषी रंगावरून 'टँकरभर तेल सोडलं' असं लिहू नका, समोरचा तज्ज्ञ एका वाक्यात ते खोडून काढेल. पण डोलीला काळा चिकट थर बसतो असं जे तुम्ही लिहिलंत, ते फार महत्त्वाचं आहे. पातळ तवंगानं जाळं काळं होत नाही. तिथे जड तेल आहे.

इथेच कंपनीच्या उत्तराचा निकाल लागू शकतो. गावच्या बोटी जाळतात डिझेल आणि त्यांच्या इंजिनात असतं वंगण. कारखान्याच्या बॉयलरमध्ये असू शकतं फर्नेस ऑइल, रसायनांच्या प्लांटमध्ये थर्मिक फ्लुइड म्हणजे उष्णता वाहून नेणारं तेल, इंजिनीअरिंगच्या शेडमध्ये धातू कापताना वापरायचं कटिंग ऑइल किंवा तापलेला धातू थंड करायचं क्वेंचिंग ऑइल. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या जोड चाचणीत यातल्या प्रत्येकाचा आलेख निराळा येतो. डिझेलची टोकं हलक्या बाजूला सरळ ओळीत उभी राहतात, इंजिन ऑइलचा जड बाजूला एक गोल उंचवटा येतो, फर्नेस ऑइल दोन्हीकडे पसरतं आणि त्यात गंधक भरपूर सापडतं. तेल उन्हापाण्यानं झिजलं तरी होपेन नावाची संयुगं वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांची आपापसातली प्रमाणं ठरवतात की खाडीतलं तेल आणि संशयित टाकीतलं तेल एकच का. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे येतात, ते कुठून येतात याचा माग दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं याच पद्धतीनं काढला. तुमच्या जाळ्यावरच्या थरात फर्नेस ऑइल निघालं, तर गावातली एकही बोट त्यावर चालत नाही एवढं सांगितलं की पुरे.

पण त्यासाठी तेल हातात हवं, आणि तेल थांबत नाही. एकदोन भरत्या-ओहोट्यांत ते पसरतं, उडतं, चिखलात बसतं. अधिकारी चार दिवसांनी येतात तेव्हा पाणी स्वच्छ दिसतं आणि 'काही आढळले नाही' असा पंचनामा होतो. म्हणून तवंग दिसला त्या दिवसाचं काम त्याच दिवशी झालं पाहिजे.

काचेच्या, रुंद तोंडाच्या चारपाच नव्या बरण्या घरात तयार ठेवा. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी चालणार नाही, तिचं तेल चाचणीत उतरतं. झाकणाच्या आत ॲल्युमिनियम फॉइल बसवा, म्हणजे झाकणातलं प्लास्टिक किंवा रबर तेलाला लागणार नाही. हातात नायट्राइलचे हातमोजे. बरणी आडवी धरून तिचं तोंड अर्धं पाण्यात, अर्धं वर असं ठेवलं की वरचा थर आत ओढला जातो. एक नमुना तवंगाचा, एक तवंग नाही अशा वरच्या अंगाच्या पाण्याचा, आणि जाळ्याला थर असेल तर हातभर जाळं कापून तसंच्या तसं फॉइलमध्ये गुंडाळून. आपल्याच एखाद्या बोटीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणीही एका बरणीत घ्या. समोरचे बोटींवर बोट ठेवणारच आहेत, तर तुलनेचा नमुना आपणच आधी द्यावा. सगळं काळ्या कापडात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवा. प्रत्येक बरणीवर तारीख, वेळ, जागा, आणि भरती होती की सुकती हे लिहा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू ठेवून व्हिडिओ घ्या, त्यात मागे एखादी ओळखीची खूण दिसू दे: पूल, जेटी, देऊळ.

भरती-सुकतीची नोंद लोक विसरतात आणि प्रकरण तिथेच अडतं. खाडीत तेल वाऱ्यापेक्षा प्रवाहाबरोबर जास्त जातं. सुकती लागल्यावर तास-दोन तासांनी तवंग वरून खाली येत असेल तर उगम वर आहे. भरतीच्या पाण्याबरोबर येत असेल तर मुखाकडे, बंदराकडे बघावं लागेल. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्या तोंडून रोजची नोंद वहीत उतरवत जा: उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), पाणी कधी फिरलं, तवंग कुठून आला, जाळं कुठे होतं. महिनाभराच्या अशा वहीनं नाल्याचं तोंड नेमकं सापडतं. मग अगदी खालच्या सुकतीला, दिवसाउजेडी, दोघातिघांनी काठानं जाऊन त्या तोंडाचे फोटो घ्या. कंपनीच्या हद्दीत पाय ठेवू नका.

कायद्याच्या दृष्टीनं तुमचा नमुना आणि मंडळाचा नमुना यांत फरक आहे, तो माहीत असू द्या. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे मंडळानं नोटीस देऊन, समोर दोन भाग करून, सील करून घेतलेला सांडपाण्याचा नमुनाच कोर्टात थेट पुरावा ठरतो. तुमच्या बरणीचं काम म्हणजे मंडळाला तो नमुना घ्यायला भाग पाडणं आणि तुलनेला तेल शिल्लक ठेवणं. तक्रारीत हे स्पष्ट मागा: फक्त ऑइल अँड ग्रीस नको, फिंगरप्रिंटिंग करा, म्हणजे तेल कुठलं ते ओळखणारी वर सांगितलेली जोड चाचणी, आणि संशयित कारखान्यांच्या टाक्यांतले व पावसाळी गटारांतले नमुनेही त्याबरोबर पाठवा.

पावसाळी गटारं म्हटलं ते मुद्दाम. तुमच्याकडे तवंग पावसाळ्यापासून सुरू झाला. सांडपाण्याच्या पाइपावर सगळ्यांचं लक्ष असतं, मीटर असतो. पावसाच्या पाण्याच्या गटाराकडे कुणी बघत नाही. यार्डात सांडलेलं तेल, उघड्यावरची पिंपं, भरून वाहणारा ऑइल सेपरेटर (पाण्यातलं तेल वेगळं करणारी टाकी), हे सगळं मोठ्या पावसात याच गटारातून खाडीत येतं. चेन्नईच्या उत्तरेला एन्नोरमध्ये झालं ते हेच. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसात मणलीचा औद्योगिक पट्टा पाण्याखाली गेला, आणि तिथल्या सीपीसीएल या सरकारी रिफायनरीच्या आवारातून पुराच्या पाण्याबरोबर तेल बकिंगहॅम कालव्यात, तिथून कोसस्तलैयार नदीत आणि एन्नोरच्या खाडीत आलं. वस्त्यांतल्या भिंतींवर पुराच्या रेषेएवढं काळं तेल बसलं, होड्या आणि जाळी गेली, पेलिकन तेलात माखले. कंपनीनं सुरुवातीला पाइपलाइन फुटल्याचं नाकारलं. राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नईच्या पीठानं बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली, म्हणून चौकशी वेगानं हलली. तुम्हीही कारखान्यांचे पावसाळी गटारांचे नकाशे मागवा. आणि वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ते बाहेर काढताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद, भरावं लागतं. किती तेल आणलं, किती वापरलेलं तेल परत पाठवलं, हा हिशेब मंडळाकडे असतो. तो जुळत नसेल तर तपास तिथूनच सुरू करायला सांगा.

आता माशाचं. रॉकेलचा वास येणारा मासा खाऊ नका, विकू नका. तेलातले घटक कल्ल्यांतून आणि खाण्यातून माशात जातात आणि चरबीत साठतात. बोय आधी वास धरतो याचं कारण तो तळाचा चिखल चाळून खातो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन नदीतल्या बोयला असाच रॉकेलचा वास यायचा, तिथल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात त्याचा माग नदीतल्या पेट्रोलियमपर्यंत नेला. माशाचं यकृत हे घटक बरेचसे मोडून बाहेर टाकतं, त्यामुळे स्वच्छ पाण्यात राहिलेला मासा काही आठवड्यांत निवळतो. कालवं, खुबे, तिसऱ्या यांना ते जमत नाही. त्या जागच्या जागी बसून पाणी गाळत राहतात आणि तेलातले पीएएच, म्हणजे त्यातले कर्करोगाला कारण होणारेही घटक, कितीतरी जास्त काळ साठवून ठेवतात. म्हणून तेल आलेल्या भागातली कालवं वास येत नसला तरी काढू नका. वास गेला म्हणजे पीएएच गेले असं नसतं, आणि शिजवून, तळून ते जात नाहीत. तपासायचा साधा मार्ग म्हणजे तुकडा झाकणाच्या भांड्यात बिनमसाल्याचा वाफवायचा आणि झाकण उघडताच वास घ्यायचा. चव घ्यायची नाही. पीएएचची खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. वर्सोव्याची सीआयएफई आणि वाशीचं सीआयएफटीचं केंद्र या केंद्रीय मत्स्य संस्थांशी मच्छिमार सोसायटीच्या लेटरहेडवर पत्रव्यवहार करा.

विक्री थांबवणं म्हणजे घरचं मीठ-तांदूळ थांबवणं, हे मला कळतं. तरीही एकदा का बाजारात 'त्या खाडीचा मासा वास मारतो' असं पसरलं की स्वच्छ जागचा मासाही उठत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा जहाजाची टक्कर होऊन शेकडो टन तेल समुद्रात गेलं, तेव्हा मुंबईत गिऱ्हाइकानं मासळीच टाळली. सोसायटीनं स्वतः ठराव करून अमुक ते अमुक पट्ट्यात मासेमारी बंद असं लिहून ठेवलं, तर तोच ठराव पुढे नुकसानीचा पुरावा होतो.

मला सगळ्यात जास्त काळजी चिखलाची वाटते, कारण तवंग गेला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. तिवरांची वर आलेली मुळं हवा घेतात, त्यांवर तेल बसलं की झाड गुदमरतं. चिखलात काही बोटं खाली हवाच नसते, तिथे तेल कुजत नाही, तसंच पडून राहतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर सप्टेंबर १९६९ मध्ये 'फ्लोरिडा' नावाचा तेलवाहू बार्ज खडकावर चढला आणि डिझेलच्या जातीचं सुमारे सात लाख लिटर तेल दलदलीत गेलं. तीस-पस्तीस वर्षांनी संशोधकांनी तिथला चिखल उकरला तर काही बोटांखाली तेल होतंच. तिथले छोटे खेकडे बीळ खणत सरळ खाली जायचे आणि तेलाच्या थराशी आले की बीळ आडवं वळवायचे. त्यामुळे बिळं उथळ राहायची. धोका दिसला की पळण्यात ते मंद झाले होते. आपल्याकडे निवट्या आणि चिंबोऱ्या याच चिखलात राहतात. तेव्हा वहीत निवट्यांची बिळं, चिंबोऱ्यांची आवक, मेलेली तिवरं हेही लिहा. तवंग नसलेल्या दिवशीसुद्धा.

सफाईबद्दल थोडं, पण कडक शब्दांत. कुणी साबण, डिटर्जंट किंवा 'तेल विरघळवणारं' रसायन खाडीत मारायला आलं तर अडवा. तेल नाहीसं होत नाही, बारीक होऊन खाली जातं आणि उथळ पाण्यात अंड्या-पिल्लांवर बसतं. अशी रसायनं वापरायला तटरक्षक दलाची परवानगी लागते आणि खाडीच्या उथळ पाण्यात ती वापरायचीच नसतात. बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारा अडसर, आडवा टाकून तेल एका कडेला आणून उचलणं हाच मार्ग. तिवरांत शिरून चिखल तुडवला तर वरचं तेल आपणच खाली गाडतो.

आणि उघड्या हातांनी तेल उपसायला जाऊ नका, कितीही पैसे देऊ केले तरी. डिसेंबर २०१४ मध्ये बांगलादेशात सुंदरबनच्या शेला नदीत टँकर बुडून साडेतीन लाख लिटरच्या आसपास फर्नेस ऑइल सांडलं. तेव्हा लिटरला ३० टका भावानं तेल विकत घेण्याची सोय झाली, आणि गावंच्या गावं, पोरंबाळं धरून, फडकी, स्पंज आणि पातेली घेऊन पाण्यात उतरली. एन्नोरमध्येही सुरुवातीचे दिवस कोळ्यांनीच मग आणि बादल्यांनी तेल काढलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच विष उपसायचं, हे मला आजही सहन होत नाही. काम करायचंच असेल तर हातमोजे, बूट, मास्क आणि मजुरी लेखी ठरवून, आणि मुलांना मुळीच नाही. अंगाला लागलेलं तेल रॉकेल-पेट्रोलनं पुसू नका. खोबरेल किंवा गोडंतेल चोळून मग साबणानं धुवा.

राहिली भरपाई. हरित लवाद कायदा २०१० च्या कलम १५ खाली नुकसानीचा दावा घटना घडल्यापासून ५ वर्षांत करता येतो, आपल्याला पुण्याचं पश्चिम पीठ आहे. शुल्क मागितलेल्या रकमेच्या एक टक्का, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ. नुसतं प्रदूषण थांबवा म्हणून जायचं असेल तर कलम १४ ची मुदत ६ महिनेच आहे, ती चुकवू नका. उरणच्या पारंपरिक मच्छिमारांना याच पीठानं फेब्रुवारी २०१५ मध्ये १६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपये मंजूर केले होते. प्रकरण भरावाचं आणि बंदराच्या कामांचं होतं, तेलाचं नव्हतं, आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण कुटुंबागणिक यादी असेल तर पारंपरिक मासेमारीचं नुकसान मोजता येतं, हे त्यानं दाखवलं.

यादीबद्दलच शेवटचं सांगतो. एन्नोरमध्ये सरकारनं २३०१ मच्छिमार कुटुंबांना १२,५०० रुपये, ७८७ होड्यांना १०,००० आणि बाधित वस्त्यांतल्या ६७०० कुटुंबांना ७,५०० रुपये जाहीर केले. होडीची नोंद असली की मोजणी सोपी असते. हातानं कोळंबी पकडणारे इरुळर आदिवासी, चिखलात बसून मासळी वेचणाऱ्या बाया, यांच्याकडे ना परवाना ना डिझेलची पावती. आपल्याकडेही कालवं फोडणाऱ्या, खुबे आणि निवट्या काढणाऱ्या बायका पंचनाम्यात येत नाहीत, कारण पंचनामा जेटीवर होतो आणि त्या तेव्हा खाजणात असतात. सोसायटीच्या दप्तरात त्यांचं नाव नसेल तर ग्रामसभेत वेगळा ठराव घ्या: कोण, कुठल्या पट्ट्यात, काय काढते, कुठल्या बाजाराला बसते, रोजचं किती सुटतं. बाजाराच्या जागेची पावती, बचत गटाचं पासबुक, जे असेल ते जोडा. हे काम बाबा करणार नाहीत, सोसायटीचे संचालकही नाहीत. तुम्ही आणि तुमच्या आईनं घरोघर जाऊन ही यादी येत्या भांगेच्या दिवसांत पुरी करा. तेव्हा मासेमारीही ढिली असते आणि बाया घरी सापडतात.